तू, मग ना

पावतीवर लिहिलं होतं, ‘कॉकटेल ग्रे, नग १’. कॉकाटील हा पोपटाच्या जातीतला छोटा पक्षी, त्याला पक्ष्यांच्या दुकानात सगळे कॉकटेलच म्हणतात. आम्ही घरी आणलं तेव्हा ते पिल्लू साडेतीन महिन्यांचं होतं. हातावर वाढवलेलं, राखाडी अंगाचं, डोक्यावर तुरा आणि दोन्ही गालांवर एकेक नारिंगी टिकली. नाव नव्हतं. पुढचे एकवीस दिवस ते बिननावाचंच राहिलं.

आमचं घर मिरजेत. घरात सासूबाई, सासरे, आम्ही दोघं आणि सहावीतली लेक. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणतात. रेल्वेतली नोकरी सांभाळून त्यांनी चाळीस वर्षं गल्लीतल्या भजनी मंडळात तबला वाजवला. गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ मीरासाहेब दर्ग्यात गाणं होतं, तिथं ते दरवर्षी पुढच्या रांगेत मांडी घालून बसायचे. गेल्या दिवाळीनंतर त्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली. जीव वाचला, हळूहळू काठी घेऊन चार पावलंही टाकू लागले, पण बोलणं अडलं. डॉक्टरांनी आम्हाला नीट समजावून सांगितलं होतं की शब्द डोक्यात शाबूत आहेत, ते बाहेर काढणारे तोंडाचे स्नायू दुबळे झालेत. म्हणजे त्यांना सगळं कळत होतं, सगळं सांगायचंही होतं. फक्त समोरचा दोनदा ‘काय?’ म्हणाला की तिसऱ्यांदा ते बोलायचेच नाहीत. जानेवारीपर्यंत त्यांनी बोलणं जवळजवळ सोडलंच होतं. दिवसभर खिडकीशी बसायचे. बाहेर पेरूचं झाड आहे, त्यावर संध्याकाळी हिरव्या पोपटांचा थवा उतरतो, तो बघायचे.

लेक म्हणाली, अण्णांना एक पोपट आणूया. तिच्या डोळ्यांसमोर हिरवाच पोपट होता. तिला सांगावं लागलं की तो पाळता येत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडचे सगळे रानातले पोपट संरक्षित आहेत. पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे, मग तो विकत घेतलेला असो की कुणी दिलेला. अण्णांच्या लहानपणी वाड्यात पिंजरा होता आणि त्यात राघू होता, हे सासूबाईंनी लगेच सांगितलं. तो काळ वेगळा होता. मला स्वतःला त्या थव्यातला एखादा आत कोंडून ठेवायची कल्पनाही सहन होत नाही. कॉकाटील मूळचा ऑस्ट्रेलियातला, आणि इथं मिळणारे पिढ्यान् पिढ्या माणसाकडेच वाढलेले. परदेशी पक्ष्यांपैकी ज्या जाती वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय साइट्स कराराच्या याद्यांमध्ये आहेत त्यांची आता सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. कॉकाटील त्या याद्यांत नाही. हे सगळं तपासूनच आम्ही दुकानात गेलो.

पहिल्या आठवड्यात प्रत्येकजण वेगळी हाक मारत होता. सासूबाई ‘राघू’, नवरा ‘हिरो’, लेक रोज नवीन काहीतरी. मी ‘ए पिल्ल्या’. पिल्लू कुणाकडेच बघायचं नाही. बघेल कशाला, त्याच्या दृष्टीनं तो नुसता घरातला आवाज होता. तेव्हा मला वाटलं की नाव ठरवायला बसलंच पाहिजे, आणि घाईनं नाही. कॉकाटील नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो. लेक तिशीला टेकेल तेव्हाही ती कदाचित हीच हाक मारत असेल.

लेकीनं वही केली. दोन दिवसांत चौतीस नावं. मिठू, पिंटू, चिकू, काजू, बबलू, मोती, चंपा, केतकी, राघू, किट्टू, तारा, टिकली, हळद, शेंदरी, आणि अशीच. टिकली मला फार आवडलं होतं, त्याच्या गालांमुळे. मी तर मनातल्या मनात ठरवूनही टाकलं होतं.

काही नावं सहज गळाली. तारा हे शेजारच्या काकूंचं नाव. गॅलरीतून मोठ्यानं ‘तारा, घाण केलीस का’ असं ओरडणं शक्यच नव्हतं. चिकू आणि काजू घरात येतात, चिरले जातात, खाल्ले जातात. ‘चिकू दे गं’ म्हटल्यावर पक्ष्यानं मान वळवली तर त्याला फसवल्यासारखं होणार. राजा, राणी, हिरो ही नावं ठेवायची तर नर की मादी ते कळायला हवं, आणि राखाडी कॉकाटीलमध्ये ते पहिली पिसं झडून नवीन येईपर्यंत, म्हणजे साधारण सहा महिन्यांचं होईपर्यंत, नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. नराचा चेहरा तेव्हा पिवळाधमक होतो आणि शेपटीखालचे आडवे पट्टे जातात. मादीचे पट्टे राहतात. मराठीत बरं आहे, पिल्लू म्हटलं की ‘ते’. ते आलं, त्यानं खाल्लं. आम्ही तोवर तसंच बोलत होतो.

तरी वीसेक नावं उरली. आणि मग गुरुवारी स्पीच थेरपिस्ट ताई आल्या.

त्या आठवड्यातून दोनदा यायच्या. त्यांचा एक ठरलेला व्यायाम होता, ‘प-त-क, प-त-क’ भराभर म्हणायचा. प ला दोन्ही ओठ मिटावे लागतात, त ला जिभेचं टोक दातांमागं टेकतं, क ला जिभेचा मागचा भाग वर उचलला जातो. तीन अक्षरांत सगळ्या तोंडाची परीक्षा होते. अण्णांचा त ठीक यायचा, क बराच ठीक. प मात्र यायचाच नाही. उजवीकडचा ओठ मिटत नसल्यानं हवा निसटून जायची आणि नुसता फुसका आवाज उमटायचा. त्या आवाजानंतर ते तोंड फिरवायचे. त्या दिवशीही फिरवलं.

लेक तिथंच वही घेऊन बसली होती. तिनं विचारलं, “मग अण्णांना मिठू नाही म्हणता येणार?”

ताई म्हणाल्या, “सध्या म लाही तीच अडचण आहे.”

आम्ही कुणीच हा विचार केला नव्हता. पक्षी ज्यांच्यासाठी आणला, त्यांच्या तोंडून त्याचं नाव निघायला हवं ही पहिली अट असायला हवी होती. आम्ही अर्थ बघत होतो, रंग बघत होतो, काय गोड वाटतं ते बघत होतो. लेकीनं तिथल्या तिथं शाळेत शिकलेली वर्णमाला काढली. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. प, फ, ब, भ, म ज्या नावात असेल त्यावर काट मारली. मिठू गेला, पिंटू, बबलू, मोती, चंपा, सगळे गेले. मग उरलेलं एकेक नाव ती वाचत गेली आणि अण्णा म्हणून बघत गेले. राघूतला घ त्यांना पेलला नाही, त्याला श्वासाचा जोर लागतो. ‘आऊ’ एवढंच आलं. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. टिकली म्हणताना शेवटच्या ली ला जीभ अडखळली. किट्टू चांगलं आलं, पण लेक म्हणाली, माझ्या वर्गात दोन किट्टू आहेत. केतकी आलं, तीन अक्षरं असल्यानं दमछाक झाली.

मला त्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यातून जाईना. पोपटालाही ओठ नसतात. तो ‘मिठू’ म्हणतो ते ओठांशिवाय म्हणतो. श्वासनलिका जिथं दुभंगते तिथं पक्ष्यांचं स्वरयंत्र असतं, तिथून तो आवाज काढतो आणि जाड जिभेनं त्याला आकार देतो. म्हणजे आमच्या घरात ओठांवाचून बोलणारे दोघं झाले होते. मी हे अण्णांना सांगितलं. त्यांनी पिंजऱ्याकडे बराच वेळ बघितलं.

त्याच सुमारास मी रात्री मोबाइलवर पोपटांबद्दल वाचत बसायचे. व्हेनेझुएलात छोटे हिरवे पोपट असतात, पॅरटलेट म्हणतात त्यांना. त्यांच्या घरट्यांत कॅमेरे लावून अभ्यास झाला, तो २०११ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येक पिल्लाची स्वतःची एक हाक असते, बाकीचे त्याला त्याच हाकेनं बोलावतात. ही हाक रक्तातून येते की शिकवली जाते हे बघायला संशोधकांनी काही घरट्यांतली अंडी अदलाबदल केली. पिल्लांची हाक सांभाळणाऱ्या आईबापांच्या हाकेसारखी निघाली, जन्म देणाऱ्यांच्या नाही. म्हणजे पिल्लू घरट्यात असतानाच आईबाप त्याला नाव देतात, आणि पिल्लू ते थोडं आपल्या पद्धतीनं बदलून वापरतं. आमच्या या पिल्लाला त्याच्या आईबापांनी काही म्हटलं असेल का, हे मला कधीच कळणार नाही. पण नाव ही त्यांच्यासाठी नवी गोष्ट नाही एवढं कळलं. त्यामुळे मला जास्तच जबाबदारी वाटू लागली.

पुढच्या खेपेला थेरपिस्ट ताई पुन्हा ‘प-त-क’ घेऊन बसल्या. अण्णा तोंड उघडेनात. सासूबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, “अहो, त्यांना ठेका म्हणायला सांगा की. ते म्हणतील.”

ताईंना तबल्यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी विचारलं, ठेका म्हणजे? सासूबाईंनी स्वतः एकताल म्हणून दाखवला. “धिं धिं धागे तिरकिट तू ना क त्ता धागे तिरकिट धी ना.” चाळीस वर्षं ऐकून पाठ झालेला. ताईंनी तो कागदावर उतरवून घेतला, ओठ कुठं मिटतात ते बघत वाचला आणि म्हणाल्या, “यात ओष्ठ्य अक्षर एकही नाही!” खरंच नाही. मी नंतर केरवा, दादरा, तीनताल आठवून बघितले, त्यांतही नाही. हे सगळे ठेके तबला प, ब, म विना बोलतो. पखवाजाच्या बोलांत मात्र ‘धुमकिट’ मध्ये म येतो.

अण्णांनी डोळे मिटले आणि अगदी विलंबित लयीत सुरुवात केली. धिं जडच आला. धागेचा धा विरला. तिरकिटला तर जीभ पारच गुंतली. मग “तू”, आणि एका मात्रेनंतर “ना”. हे दोन स्वच्छ आले. ऊ ला ओठ गोल करावे लागतात, तो थोडा ओ कडे झुकला होता, पण कुणीही ‘काय?’ विचारलं नसतं इतका स्पष्ट. हे दोन्ही बोल उजव्या हाताचे आहेत. तू तबल्याच्या मधल्या काळ्या शाईवर तर्जनीनं मोकळा उमटतो, ना कडेच्या चाटेवर. त्यांचा तो हात मांडीवर निपचित पडला होता आणि त्याचे बोल तोंडातून येत होते.

पिंजऱ्यात पिल्लानं तुरा उभा केला. मान वाकडी करून एका डोळ्यानं अण्णांकडे बघू लागलं.

पक्षी पाळणाऱ्यांना तुरा वाचता येतो. अर्धा मागं झुकलेला असला की निवांत, डोक्याला चिकटला की भीती किंवा राग, ताठ उभा राहिला की ‘काय आहे हे?’ लेकीनं तेव्हाच म्हटलं, अण्णा, परत. अण्णांनी परत म्हटलं. परत तुरा. ‘कत्ता’ म्हटलं तेव्हा ते दचकून मागं सरलं, तुरा चपटा झाला. त्या त्त च्या ठोक्यानं असेल.

लेक एवढ्यावर समाधानी नव्हती, आणि ते मला आवडलं. तिनं पाच नावं घेतली. किट्टू, केतकी, टिकली, राघू आणि तूना. रोज संध्याकाळी एकाच वेळी, एकाच जागेवरून, पक्षी पाठमोरा असताना प्रत्येक नाव दहा वेळा. त्यानं मान वळवली की बरोबरची खूण. दाणे हातात नकोत हे तिनंच ठरवलं, नाहीतर ते दाण्यांकडे बघेल. पाच दिवस चाललं हे. टिकलीला दहात दोन-तीन, राघूला तेवढंच. किट्टूला चार-पाच. तूनाला पहिल्या दिवशी पाच, शेवटच्या दिवशी आठ. यात अण्णांचा सराव मिसळला होता हे मला मान्य आहे. ते दिवसभर तेच म्हणत होते, त्यामुळे ते पिल्लाच्या कानावर जास्त पडत होतं. पण नाव तरी आणखी कशानं पक्कं होतं? जे दिवसभर कुणीतरी आपुलकीनं म्हणत असतं, तेच ऐकणाऱ्याचं होतं.

घरात विरोध झाला. नवरा म्हणाला, लोक ट्यूना मासा समजतील. माझी शंका वेगळी होती. नावाच्या शेवटी ‘ना’ आणि त्यानं वायर कुरतडली की आपण ‘ना ना, नाही’ म्हणणार, त्याचा गोंधळ होईल. पक्ष्याचं नाव आणि त्याला रागावायचा शब्द एकसारखे असू नयेत, हे मी बऱ्याच जणांकडून ऐकलं होतं आणि मला ते पटतं. नावाची हाक आली की त्याला चांगलंच काहीतरी आठवलं पाहिजे. तेव्हा ठरलं की नाव हेच, आणि मनाई करायला ‘नाही’ न म्हणता ‘हळू’ म्हणायचं. सवय लागायला आम्हा सगळ्यांना पंधरा दिवस गेले.

सगळ्यात मोठा आक्षेप सासूबाईंचा. “तू ना म्हणजे काय नाव झालं? अर्धंच वाक्य ते. तू ना... पुढं काय?”

अण्णा जोर करून म्हणाले, “पुढं... क... त्ता.”

सासूबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. लकव्यानंतर त्यांनी कुणाला असं चटकन उत्तर दिलं नव्हतं. त्यानंतर राघूचा विषय त्यांनी काढला नाही. आणि आता त्याच सगळ्यात जास्त लाडानं हाक मारतात. मराठीत ‘तू ना’ म्हटलं की पुढं लाडच येतो. तू ना, फार लबाड आहेस. तू ना, जेवत नाहीस नीट. त्यांची हाक अशी वाक्यातूनच सुरू होते, आणि तूना वाक्य संपेपर्यंत मान वाकडी करून ऐकतं.

रविवारी कोल्हापूरहून नणंद आली. म्हणाली, आत्या आहे तर बारसं झालंच पाहिजे. घुगऱ्या केल्या, त्यातले थोडे हरभरे बिनमिठाचे वेगळे ठेवले. कॉकाटीलच्या गालावरच्या नारिंगी टिकलीखालीच त्याचा कान असतो. वरून भोक दिसत नाही, मऊ पिसांनी झाकलेलं असतं. तूना अण्णांच्या डाव्या मनगटावर बसलं होतं. नणंदेनं त्या टिकलीजवळ तोंड नेऊन हळूच ‘कुर्रर्र’ केलं आणि नाव सांगितलं. त्यानं अंग फुलवलं, पिसं झटकली आणि तिथंच बसून राहिलं. अण्णांच्या डोळ्यांना धार लागली होती. आमच्याही.

जूनमध्ये पिसं झडायला लागली. घरभर राखाडी लव. नवीन पिसं आली तसा चेहरा पिवळा होत गेला, शेपटीचे पट्टे पुसट होऊन गेले. नर निघाला. लेकीनं विचारलं, आता ‘तूना आला’ म्हणायचं का? सगळ्यांनी दोन दिवस म्हणून बघितलं आणि सोडून दिलं. आमच्याकडे अजून ‘तूना आलं’च म्हणतात.

कॉकाटीलचे नर शीळ चांगली घालतात. शब्द कमी, सूर जास्त. जुलैच्या शेवटी एका सकाळी अण्णांच्या काठीचा आवाज आला आणि पिंजऱ्यातून दोन सुरांची शीळ आली. पहिला लांब आणि वरचा, दुसरा आखूड आणि खालचा. मधे थांबा. लेक धावत येऊन म्हणाली, ते स्वतःचं नाव म्हणतंय. मला आधी खात्री वाटली नाही. पण रोज तेच, आणि फक्त काठी वाजली की.

थेरपिस्ट ताई अजून येतात. एकताल आता त्यांच्याही कागदांत आहे. अण्णांचा तिरकिट मोकळा होत चाललाय, प साठी बोटानं ओठ मिटवून सराव चालू आहे. ‘पाणी’ अजून ‘आणी’च येतं, पण ते मागतात, आणि आम्ही ‘काय?’ विचारत नाही.

गेल्या महिन्यात माझ्या लक्षात आलं की मी ‘तूना तूना’ अशी भराभर हाक मारली की ते वळतच नाही. अण्णांनी मारली की पहिल्या हाकेला येतं. मी त्यांना म्हटलं, तुमचंच ऐकतं ते. त्यांनी डाव्या हाताचं बोट वर केलं. थांब, अशी खूण केली. मग “तू” म्हणाले, बोट हवेत तसंच ठेवलं, एक मात्रा पूर्ण जाऊ दिली, आणि बोट खाली आणत “ना” म्हणाले. तूना दाराच्या पडद्यावरून उडून त्यांच्या मनगटावर आलं.

आता मीही मात्रा मोजून हाक मारते.